अश्रुग्रंथीचे विकार : ऊतिपरीक्षण आणि निदान

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया, जमाखर्च यांची आकडेवारी येणे क्रमप्राप्तच असते. त्या आकडेवारीमागे चालणारे काम कोणत्या स्वरूपाचे असते, हेही आमच्या विश्वस्तांना, देणगीदारांना आणि रुग्ण पाठविणाऱ्या डॉक्टर-बंधुभगिनींना कळावे, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे. अश्रुग्रंथीचे विकार मोतीबिंदूसारखे सर्रास आढळणारे नाहीत. ते विरळ असतात आणि म्हणूनच त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. परंतु या विकारांत पहिल्या काही भेटींमध्ये घेतलेला निर्णय रुग्णाच्या दृष्टीचे आणि काही वेळा त्याच्या आयुष्याचेही भवितव्य ठरवितो. तो निर्णय कसा घ्यावा आणि त्यात ऊतिपरीक्षणाचे, म्हणजे बायोप्सीचे, स्थान कोणते, याचे विवेचन येथे करीत आहोत.

ग्रंथीची रचना व कार्य

डोळ्याच्या खोबणीत, वरच्या व बाहेरच्या कोपऱ्यात, कपाळाच्या हाडाला एक उथळ खळगा असतो. अश्रुग्रंथी तेथे विसावलेली असते. तिचा आकार साधारणपणे बदामाएवढा, लांबी सुमारे २० मिलिमीटर. वरची पापणी उचलणाऱ्या स्नायूच्या पातळ पडद्यामुळे तिचे दोन खंड पडतात. खोबणीतला खंड मोठा आणि पापणीतला लहान. ग्रंथीतून सुमारे १० ते १२ बारीक नलिका निघून वरच्या पापणीच्या आतील बाजूस उघडतात. मोठ्या खंडाच्या नलिका लहान खंडामधूनच बाहेर पडतात, ही गोष्ट शल्यचिकित्सकाने विशेष लक्षात ठेवावयाची आहे. लहान खंडाला इजा झाली तर मोठ्या खंडाचे अश्रूही अडतात आणि डोळा कायमचा कोरडा पडू शकतो.

सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता अश्रू तयार करणाऱ्या पेशींचे गोलसर पुंजके, त्यांना जोडणाऱ्या नलिका आणि त्यांच्याभोवती आकुंचन पावणाऱ्या चपट्या पेशींचे अस्तर दिसते. मधल्या जागेत थोड्या लिम्फोसाइट व प्लाझ्मा पेशीही असतात. या प्लाझ्मा पेशी अश्रूंतून स्रवणारी प्रतिपिंडे तयार करतात. म्हणजे निरोगी ग्रंथीतही संरक्षक पेशींचा थोडा वावर असतोच. शिवाय वाढत्या वयाबरोबर ग्रंथी आक्रसते, तंतुमय होते आणि तिच्यात लिम्फोसाइट पेशींचे लहान पुंजके आढळू लागतात. वयस्कर रुग्णाच्या नमुन्यात असे चार पुंजके दिसले म्हणून लगेच रोगाचे नाव देणे योग्य नव्हे.

सूज एक, कारणे अनेक

वरच्या पापणीच्या बाहेरील भागात सूज आणि त्यामुळे पापणीच्या कडेला आलेला नागमोडी बाक, हे अश्रुग्रंथीच्या वाढीचे नेहमीचे लक्षण होय. नाकाजवळच्या कोपऱ्यातील सूज मात्र बहुधा अश्रुपिशवीची असते. तो मार्ग अश्रू वाहून नेण्याचा आहे, अश्रू तयार करण्याचा नव्हे. पापणीच्या कडेवरील रांजणवाडीही निराळी. या तिहींमध्ये गल्लत होऊन रुग्ण महिनोन्महिने मलम लावीत राहतो, असे अनेकदा घडते.

ग्रंथीच्या वाढीची कारणे स्थूलमानाने तीन गटांत मोडतात. पहिला गट दाहाचा : जंतुसंसर्ग, क्षयरोग, सारकॉइडोसिस, स्योग्रेन विकार, आयजीजी-४ शी निगडित विकार इत्यादी. दुसरा गट लिम्फोसाइट पेशींच्या वाढीचा. यात लिम्फोमा येतो. तिसरा गट ग्रंथीच्या स्वतःच्या पेशींपासून उद्भवणाऱ्या अर्बुदांचा, म्हणजे गाठींचा. यांतील काही गाठी सौम्य, तर काही मारक असतात. पापणीतील खंडाच्या नलिकेला येणारी पाण्याची गाठ, जागेवरून खाली घसरलेली निरोगी ग्रंथी आणि जवळच्या हाडांच्या सांध्यावरील जन्मजात डर्मॉइड गाठ हीही सूज उत्पन्न करतात. त्यांचाही विचार करावा लागतो.

या गटांत फरक करण्याचे पहिले साधन म्हणजे नीट विचारलेले प्रश्न. तीन रुग्णांची आपण कल्पना करू. पहिला तरुण, चार दिवसांपासून सूज, ताप, लाली व ठणका. गालगुंडाची साथ घरात येऊन गेलेली. दुसरी पन्नाशीची गृहिणी, दोन्ही पापण्या हळूहळू जड झालेल्या, दुखणे नाही. तिसरा चाळिशीचा गृहस्थ, एकाच बाजूची सूज, पाच-सहा महिन्यांत वाढलेली आणि रात्री झोप मोडेल अशी वेदना. पहिल्यात तीव्र दाह संभवतो. दुसरीत दोन्ही बाजूंच्या ग्रंथींना ग्रासणारा एखादा सार्वदेहिक विकार किंवा लिम्फोमा. तिसऱ्यात मारक अर्बुदाची शंका प्रथम घ्यावी लागते. एकच सूज, एकाच बाजूची, परंतु वर्ष-दोन वर्षे मंद गतीने वाढलेली आणि न दुखणारी असेल, तर सौम्य अर्बुदाचा विचार करावा. कालावधी, वेदना आणि एक बाजू की दोन, या तीन प्रश्नांची उत्तरे केसपेपरवर असलीच पाहिजेत.

स्कॅनमधून काय कळते

सीटी स्कॅन व एमआरआय या चाचण्यांनी पुढचा उलगडा होतो. दाहात आणि लिम्फोमात ग्रंथी लांबट वाढते व नेत्रगोलाच्या वळणाशी जुळवून घेते. ओल्या मातीने वाटीचा आकार घ्यावा तशी. ग्रंथीच्या स्वतःच्या पेशींची गाठ मात्र गोलसर असते आणि ती नेत्रगोलाला खाली व नाकाकडे ढकलते. सौम्य गाठ वर्षानुवर्षे दाब देत राहिल्याने हाडात गुळगुळीत खळगा पडतो. हाडाची कड कुरतडल्यासारखी दिसली किंवा गाठीत चुन्याचे कण आढळले, तर मारक गाठीची शक्यता बळावते. तथापि स्कॅन हा संशयाची दिशा दाखवितो, निर्णय देत नाही. लिम्फोमा व दाह यांची चित्रे इतकी सारखी असतात, की केवळ स्कॅनवर विसंबून औषधोपचार करणे धोक्याचे ठरते.

नमुना घ्यावा की गाठ समूळ काढावी ?

या विषयातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच. सर्वसाधारण नियम असा, की गाठीचा तुकडा काढून तपासावा आणि नंतर उपचार ठरवावा. प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा या सौम्य अर्बुदाबाबत मात्र हा नियम उलटा होतो.

अश्रुग्रंथीच्या स्वतःच्या पेशींपासून होणाऱ्या सौम्य गाठींत ही गाठ सर्वांत अधिक आढळते. तिच्याभोवती वेष्टन असल्याचा भास होतो, परंतु ते खरे वेष्टन नसते. दाबल्या गेलेल्या ऊतीचा तो पातळ थर असतो आणि त्यात गाठीचे बारीक अंकुर शिरलेले असतात. तुकडा काढताना हे आवरण फाटले, तर पेशी आजूबाजूला सांडतात व कालांतराने खोबणीत ठिकठिकाणी पुन्हा रुजतात. फॉन्ट आणि गॅमेल या विकृतिशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आवरणासह अखंड काढलेल्या गाठी पाच वर्षांत पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण ३ टक्के, तर आधी तुकडा काढलेल्यांत ३२ टक्के आढळले. अलीकडे काही शल्यचिकित्सकांचे मत असे, की तुकडा काढल्यानंतर तो मार्ग व गाठ दोन्ही नीट काढून टाकल्यास धोका पूर्वी मानला जाई तितका राहत नाही. तरीही लक्षणे व स्कॅन या गाठीकडे बोट दाखवीत असतील, तर ती अखंड काढणे हाच सुरक्षित मार्ग होय. पुन्हा उद्भवलेली गाठ काढणे कठीण असते आणि कालांतराने तिचे रूपांतर कर्करोगात होण्याची शक्यता असते.

याउलट दाह, लिम्फोमा किंवा मारक अर्बुद यांची शंका असेल, तेव्हा नमुना घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. वरच्या पापणीच्या नैसर्गिक घडीतून छेद घेऊन खोबणीतील खंडाचा पुरेसा तुकडा घेतात आणि पापणीतील खंडाला शक्यतो हात लावीत नाहीत. मारक गाठीची शंका असताना हाडावरील आवरण शाबूत ठेवतात, कारण तो रोगाच्या प्रसाराला असलेला बांध असतो. सुईने पेशी ओढून घेण्याची तपासणी सोपी आहे, परंतु तिच्यात सुट्या पेशी मिळतात आणि ऊतीची मांडणी कळत नाही. अश्रुग्रंथीच्या निदानात तर बहुतांशी मांडणीवरच भिस्त असते.

आधी नमुना, मग स्टेरॉइड

दुसरा दंडक औषधाविषयीचा आहे. पापणी सुजली की स्टेरॉइडच्या गोळ्या देऊन पाहण्याचा मोह होतो. सूज झपाट्याने उतरते, रुग्ण आनंदतो, डॉक्टरांचेही समाधान होते. परंतु सूज उतरली म्हणजे निदान झाले असे नव्हे. सारकॉइडोसिस, आयजीजी-४ विकार आणि लिम्फोमा हे तिन्ही स्टेरॉइडने काही काळ दबतात. लिम्फोमात तर या औषधाने लिम्फोसाइट पेशी मरतात आणि नंतर घेतलेल्या नमुन्यात चोथ्यासारखी तंतुमय ऊती तेवढी उरते. रोग मात्र शरीरात असतोच. काही महिन्यांनी तो पुन्हा डोके वर काढतो. क्षयरोगात केवळ स्टेरॉइड देणे तर रोगाला मोकळे रान देण्यासारखे आहे. तीव्र, अल्पकालीन आणि स्पष्टपणे संसर्गजन्य दाह वगळता, नमुना हाती येईपर्यंत स्टेरॉइड लांबणीवर टाकावे, असा आमचा आग्रह आहे. दृष्टीला तातडीचा धोका असेल, तर तज्ज्ञाने तसा निर्णय घ्यावा, परंतु त्याची नोंद नमुन्याबरोबर पाठवावी.

सूक्ष्मदर्शकाखालील साक्ष

तीव्र जंतुजन्य दाहात पू-पेशींची गर्दी दिसते. प्रत्यक्षात अशा रुग्णांत नमुना घेण्याची वेळ क्वचित येते. योग्य उपचारांनी काही आठवड्यांत सूज ओसरली नाही, तर मात्र तो घ्यावा.

क्षयरोग व सारकॉइडोसिस या दोहोंत पेशींच्या गोलाकार गुठळ्या, म्हणजे ग्रॅन्युलोमा, दिसतात. गुठळीच्या मध्यभागी चीजसारखी मृत ऊती असेल, तर क्षयरोगाचा संशय बळावतो. सारकॉइडोसिसच्या गुठळ्या बहुधा सुबक व मृत ऊतीविरहित असतात. तरी हा भेद नेहमीच स्वच्छ नसतो. आपल्या देशात क्षयाचे प्रमाण मोठे असल्याने झील-नील्सन रंजन, जंतूंचे संवर्धन आणि पीसीआर चाचणी यांचा आधार घेतल्याशिवाय सारकॉइडोसिस हे नाव देऊ नये. छातीचे चित्रणही अवश्य करावे.

स्योग्रेन विकाराचे नाव स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक स्योग्रेन यांच्यावरून पडले. त्यांचा या विषयावरील प्रबंध १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. या विकारात शरीराची प्रतिकारयंत्रणा अश्रू व लाळ यांच्या ग्रंथींवरच उलटते. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटते, तोंड कोरडे पडते, भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही. निदानासाठी अश्रुग्रंथीचा तुकडा काढणे सहसा टाळतात, कारण मुळात कमी असलेल्या अश्रूंत त्यामुळे आणखी घट होऊ शकते. त्याऐवजी खालच्या ओठाच्या आतील इवल्या लाळग्रंथी काढून तपासतात. ५० किंवा त्याहून अधिक लिम्फोसाइट पेशींचा एक पुंजका धरून, ४ चौरस मिलिमीटर ऊतीत असा किमान एक पुंजका असेल, तर निदानास बळकटी येते. जोडीला रक्तातील रो प्रतिपिंडे व शिर्मर चाचणी असते. पापणीत अडकविलेली टीपकागदाची पट्टी ५ मिनिटांत ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली, तर अश्रू अपुरे समजतात. या रुग्णांना पुढे लिम्फोमा होण्याचा धोका इतरांपेक्षा अधिक असल्याने त्यांची नियमित तपासणी आवश्यक असते.

एका जुन्या नावाची नवी ओळख

ऊतिपरीक्षणाने निदान कसे बदलते, याचे बोलके उदाहरण मिकुलिक्झ रोगाचे आहे. योहान फॉन मिकुलिक्झ या शल्यचिकित्सकांनी १८८८ मध्ये क्योनिग्सबर्ग येथे ४२ वर्षे वयाच्या एका शेतकऱ्याची माहिती मांडली. त्याच्या दोन्ही अश्रुग्रंथी व लाळग्रंथी वेदनेशिवाय सुजलेल्या होत्या. पुढे क्षय, लिम्फोमा, सारकॉइडोसिस अशा नाना विकारांतील तशाच सुजेला हे नाव दिले जाऊ लागले. १९५३ मध्ये मॉर्गन व कॅसलमन यांनी मिकुलिक्झ रोग व स्योग्रेन विकार हे ऊतीच्या दृष्टीने एकच असल्याचे प्रतिपादन केले आणि मिकुलिक्झ यांचे नाव मागे पडले.

२००१ मध्ये जपानी संशोधकांनी स्वादुपिंडाच्या एका विशिष्ट दाहात आयजीजी-४ नावाच्या प्रतिपिंडाची रक्तातील पातळी वाढलेली असल्याचे दाखविले. नंतरच्या काही वर्षांतच जपानमध्ये मिकुलिक्झ रोगाच्या रुग्णांतही हेच आढळले. ग्रंथींच्या नमुन्यांवर विशेष रंजन केल्यावर आयजीजी-४ तयार करणाऱ्या प्लाझ्मा पेशींची दाटी दिसू लागली. अर्धशतक एक मानलेले दोन विकार त्यामुळे पुन्हा वेगळे झाले. हा भेद केवळ शास्त्रीय नाही. आयजीजी-४ विकार स्टेरॉइड व रिटुक्सिमॅब यांसारख्या औषधांना चांगला प्रतिसाद देतो. उलट उपचाराविना तो स्वादुपिंड, पित्तनलिका, मूत्रपिंड अशा अवयवांनाही ग्रासू शकतो.

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार लिम्फोसाइट व प्लाझ्मा पेशींची दाटी, चटईच्या विणीसारखी आवर्ती तंतुमयता आणि शिरांचा दाहामुळे होणारा अवरोध, ही या विकाराची तीन चिन्हे होत. अश्रुग्रंथीत तिसरे चिन्ह सहसा आढळत नाही. ग्रंथीच्या नमुन्यात सूक्ष्मदर्शकाच्या एका उच्चशक्ती क्षेत्रात १०० हून अधिक आयजीजी-४ पेशी आणि एकूण आयजीजी पेशींशी त्यांचे ४० टक्क्यांहून अधिक प्रमाण, असे निकष आहेत. केवळ मोजणीवर मात्र भरवसा ठेवता येत नाही. अशा पेशी इतर दाहांत व काही लिम्फोमांतही सापडतात आणि काही रुग्णांत रक्तातील पातळी प्राकृत असते. म्हणून लक्षणे, रक्त, स्कॅन व ऊती यांचा मेळ घालूनच मत द्यावे लागते.

लिम्फोमा आणि अर्बुदे

अश्रुग्रंथीतील लिम्फोमांपैकी अनेक मंदगती माल्ट प्रकारचे असतात. त्यांतील पेशी लहान व सौम्य दिसतात. त्यामुळे साध्या रंजनात त्यांचा साध्या दाहाशी गोंधळ होतो. येथे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीचे साहाय्य मोलाचे ठरते. दाहात अनेक पेशीवंशांचे मिश्रण असते. लिम्फोमा ही एकाच बिघडलेल्या पेशीची संतती असते. सीडी-२० व सीडी-३ या खुणांवरून पेशींचा प्रकार, तर काप्पा व लॅम्डा या साखळ्यांच्या प्रमाणावरून त्यांचे एकवंशीयत्व कळते. निदान वेळेवर झाल्यास, रोग डोळ्यापुरताच मर्यादित असताना, बेताच्या मात्रेच्या किरणोपचाराने उत्तम परिणाम मिळतो. रोग अन्यत्र पसरला आहे काय, याचा शोध मात्र प्रत्येक रुग्णात घ्यावा लागतो.

प्लिओमॉर्फिक ॲडिनोमाला मिश्र अर्बुद असेही म्हणतात. नलिकांसारख्या रचना आणि त्यांच्याभोवती बुळबुळीत, क्वचित कूर्चेसारखी ऊती असे त्याचे संमिश्र रूप असते. विकृतिशास्त्रज्ञ गाठीच्या कडा शाईने रंगवून आवरण अखंड आहे की नाही हे पाहतात आणि कोठे कर्करोग लपलेला नाही ना, यासाठी अनेक ठिकाणचे छेद तपासतात.

ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा हा या ग्रंथीच्या स्वतःच्या पेशींचा सर्वाधिक आढळणारा कर्करोग. त्याच्या पेशी चाळणीसारख्या छिद्रमय जाळ्यात, नलिकांच्या स्वरूपात किंवा भरीव पुंजक्यांत मांडलेल्या असतात. भरीव पुंजके असलेला प्रकार अधिक घातक. १९८२ मधील गॅमेल व फॉन्ट यांच्या अभ्यासात, हा प्रकार आढळलेल्यांत पाच वर्षे जगण्याचे प्रमाण २१ टक्के, तर तो नसलेल्यांत ७१ टक्के होते. मज्जातंतूंच्या आवरणाच्या आतून पसरणे हा या रोगाचा स्वभाव आणि रुग्णाची वेदना त्यातूनच उद्भवते. म्हणूनच न दिसणाऱ्या कारणाने दुखणारी पापणी आम्ही गंभीर मानतो. शस्त्रक्रिया व किरणोपचार हे मुख्य उपचार. निवडक रुग्णांत आता नेत्रगोल वाचविण्याचाही प्रयत्न होतो. हा रोग दहा वर्षांनंतरही परतू शकतो, त्यामुळे तपासणी दीर्घकाळ चालू ठेवावी लागते.

नमुन्याची जपणूक

कुशल हातांनी घेतलेला नमुनाही निष्काळजीपणे पाठविल्यास वाया जातो. अश्रुग्रंथीची ऊती नाजूक असते. चिमट्याने दाबल्यास पेशी चिरडतात आणि चिरडलेल्या लिम्फोसाइट पेशींवरून मत देता येत नाही. तुकडा त्याच्या किमान दहापट फॉर्मेलिनमध्ये ठेवावा. क्षयाची किंवा इतर संसर्गाची शंका असल्यास एक तुकडा फॉर्मेलिनविना, निर्जंतुक बाटलीत संवर्धनासाठी पाठवावा. लिम्फोमाची शंका असल्यास फ्लो सायटोमेट्रीसाठी ताजी ऊती लागते, म्हणून शस्त्रक्रियेच्या आधीच प्रयोगशाळेशी बोलून घ्यावे. सोबतच्या कागदावर वय, सुजेचा कालावधी, वेदना, एक बाजू की दोन्ही, स्कॅनचा निष्कर्ष आणि घेतलेली औषधे, विशेषतः स्टेरॉइड, यांची नोंद असावी. या पाच-सहा ओळी लिहिण्यास दोन मिनिटे लागतात. त्या नसल्यास अहवाल अनिर्णीत राहून रुग्णावर दुसऱ्या शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.

समारोप

आमच्याकडे रुग्ण पाठविणाऱ्या डॉक्टरांना आमची विनंती थोडक्यात अशी : वरच्या पापणीच्या बाहेरील भागातील सूज दोन-तीन आठवड्यांत ओसरली नाही, तर रुग्णास नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे. स्टेरॉइड सुरू करण्यापूर्वी नमुन्याचा विचार व्हावा. गोलसर, न दुखणारी, जुनी गाठ असेल तर स्कॅन होईपर्यंत तिला सुई अथवा सुरी लावू नये. वेदना असेल तर विलंब करू नये.

रुग्ण व त्यांचे नातेवाईक यांनी जुने केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, स्कॅनच्या फिल्म आणि पूर्वीच्या तपासणीचे काचपट्ट व मेणाचे ठोकळे जपून ठेवावेत. जुने छायाचित्रही बरोबर आणावे. सूज केव्हा सुरू झाली याचे उत्तर कित्येकदा लग्नातल्या एखाद्या फोटोत सापडते.

ज्यांच्या औदार्यावर धर्मादाय रुग्णालये चालतात, त्या दात्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की विशेष रंजनाच्या रसायनांवर होणारा खर्च रुग्णाच्या नजरेस कधी पडत नाही. त्याला दिसते ती डॉक्टरांनी लिहिलेली औषधाची चिठ्ठी. पण तिच्यावर क्षयाचे औषध लिहावे, स्टेरॉइड लिहावे की किरणोपचार, हे त्या रंगलेल्या काचपट्टीवरच ठरत असते.